सातची तयारी

मी तासगाव सोडलं त्या सकाळी दादांनी एसटी स्टँडवर माझं सामान तीनदा मोजलं. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी गोदामात गेली. नग मोजल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही तिथली सवय ते घरीही घेऊन आले होते. वळकटी, इस्त्री, पोह्यांचा डबा, लोणच्याची बरणी, यादीवर एकेक खूण करत ते म्हणाले, "अठरा नग चढले. एकोणिसावी तू. पोचलीस की कळव."

"अहो, पोरगी आहे ती, पोतं नाही," आई म्हणाली.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. दोन वर्षांत परत यायचं ठरलं होतं. आता म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात मी उत्पादनाचं वेळापत्रक बघते आणि नजरबादला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करते, स्वप्नं मात्र अजून मराठीत पडतात. दादांची यादीची सवय माझ्यात उतरली. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांच्याकडेही एक अशी यादी असेलच: आईवडिलांसाठी करायच्या गोष्टी. माझी फ्रिजवर लावलेली असते.

मागच्या दिवाळीआधी दादा बाथरूममध्ये पडले. मला ते आठ दिवसांनी कळलं, तेही आईच्या तोंडून चुकून निघून गेलं म्हणून. मी त्याच आठवड्यात म्हैसूरच्या घरातली मागची खोली रिकामी केली, संडासात धरायला दांड्या बसवून घेतल्या आणि फोनवर सांगितलं, "आता तुम्ही दोघं इकडे या."

पूर्वी एकदा ते तीन आठवडे येऊन राहिले होते. दादा गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्या बसचे नंबर मोठ्याने वाचायचे. मी हसले तेव्हा म्हणाले, "इथं मला आकडेच वाचता येतात गं." आई खालच्या तुळजाकाकूंकडे जाऊन बसायची. काकूंचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलं. त्यांचं मराठी अर्ध्या वाटेवर कन्नड होतं. आई दिवसभर मान डोलवायची आणि वर येऊन मला विचारायची, "त्या काय म्हणाल्या?"

त्यामुळे दादांनी सरळ सांगितलं, "इथून हलणार नाही." मग मी मधला मार्ग काढला. मी तुम्हाला रोज पडद्यावर बघू शकले, तर तिथेच राहा. नाही जमलं, तर मी न्यायला येणार.

"मंजूर," दादा म्हणाले. "बसव तुझं यंत्र."

दादांचा हात थरथरतो, टॅबलेटवर बोट भलतीकडेच पडतं. आईच्या मोतीबिंदूला फोनचा पडदा पुरत नाही. म्हणून मी कॉम्प्युटरच जुळवायचा ठरवला, तोही स्वस्तात. महाग वस्तू आई हात न लावता जपून ठेवते. जुना कॅबिनेट, वापरलेला मदरबोर्ड, कुणीतरी काढून टाकलेला मोठा मॉनिटर. नव्या घेतल्या त्या दोनच वस्तू, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क, कारण दगा देतात त्या याच. जेवणाच्या टेबलावर दोन रविवार बसून सगळं जोडलं. की-बोर्डवर मराठी अक्षरांची लेबलं चिकटवली. पडद्यावर माझ्या नावाचं एकच मोठं बटण ठेवलं: "सुजाता". दाबलं की मला व्हिडिओ कॉल. रेल्वेने मिरज, तिथून एसटीने तासगाव. पेटी मांडीवर घेऊन गेले आणि बसवून आले.

रोज संध्याकाळी सात वाजता. माझे बारा प्रश्न ठरलेले होते, फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेले. गोळी घेतली? झोप? गुडघा? जेवण? दादा पांढऱ्या शर्टात ताठ बसलेले, शेजारी आई. बारा उत्तरं, बारा खुणा, वीस मिनिटांत काम पूर्ण. दोन महिने मला वाटत होतं की हे मी छान जमवलं आहे.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर बोलता बोलता बंद पडायला लागला. मग लागेचना. मोबाईलवर आई म्हणायची, "लाइट नाही गं." सलग पाच दिवस लाइट नाही. सहाव्या दिवशी मी त्यांच्या शेजाऱ्यांना फोन केला. लाइट एकदाही गेली नव्हती.

दादा पुन्हा पडले असणार, याशिवाय दुसरं काही मला सुचेना. रजा टाकली, न कळवता निघाले. गाडीत एकच यादी केली: त्यांच्या सामानाची.

दार आईने उघडलं. दादा पलंगावर होते, हातात काठी. काठी मी कधीच पाहिली नव्हती, कॉम्प्युटर बसवायला आले होते तेव्हाही नाही.

"ही कधीपासून?"

"मग, दिवाळीपासून," आई म्हणाली. दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू गोदामाची किल्लीच तिने कुणाला देऊन टाकली होती.

आमच्या घरात उघडं यंत्र चालत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला झालर. आईने माझ्या कॉलेजातल्या निळ्या ड्रेसचं कव्हर कॅबिनेटला शिवलं होतं, चारी बाजूंनी, मागे नाडी. चालू असतानाही ते तसंच. हवेला आत जायला वाटच नव्हती; तापायचं आणि बंद पडायचं.

"आम्हाला वाटलं, आमच्या हातून मोडला," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर तू न्यायला आली असतीस."

मी नाडी सोडली. की-बोर्ड उचलला तर खाली दादांच्या अक्षरातला कागद होता.

*सातची तयारी.*
*१. पांढरा शर्ट.*
*२. गुडघा: बरा आहे. झोप: चांगली. पोळ्या: दोन.*
*३. काठी पलंगाखाली.*
*४. ती बघत असताना उठायचे नाही.*
*५. हिचे भजन सहाचे असते, ते बंद. सात चुकायला नको.*

प्रत्येक ओळीपुढे खूण होती. एकेका ओळीपुढे साठ-सत्तर खुणा, मोत्यासारख्या.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. "गुडघा खरा कसा आहे, दादा?"

"दुखतो."

"किती?"

"दोन पायऱ्या उतरताना डोळ्यांत पाणी येतं. पण हे म्हैसूरला नेण्याचं कारण होत नाही."

"मग काय कारण होतं?"

"तू ठरवशील ते," ते म्हणाले. "म्हणूनच तर शर्ट घालत होतो."

बॅगेत त्यांच्या सामानाची यादी होती. ती मी बाहेर काढली नाही. कात्री मागितली. आईने "अगं, चांगला कपडा आहे" म्हणेपर्यंत कव्हरला मागेपुढे दोन खिडक्या पाडल्या. आईने लगेच कडा दुमडून शिवल्या, वर एक फूलही काढलं. दादांना मी डॉक्टरकडे नेऊन आणलं. मग मी म्हणाले, "सात वाजताचा फोन रद्द. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही बटण दाबायचं. दुखलं तर दुखतं म्हणायचं. मी न्यायला येणार नाही."

हा शब्द मला पाळता येईल का, मला माहीत नाही. ते पुन्हा पडले तर मी काय करणार आहे? दादांनी विचारलं नाही. निघताना त्यांनी रिक्षात डोकावून सामान मोजलं. "दोन नग. हलकी आलीस या वेळी."

परत आल्यावर तुळजाकाकूंना जिन्यात हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज परीक्षा घेतल्यावर कोण खरं सांगंल, अम्मा? सुम्मने बोलायचं." सुम्मने म्हणजे उगीच, काही कारण नसताना. मला ते येत नाही. तरी प्रश्नांचा कागद मी फ्रिजवरून काढला.

पहिले तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला दादांनी बटण दाबलं. मी मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन उलट लावला तर कुणी उचललं नाही. मोबाईलवर आई टाळांच्या आवाजात ओरडली, "अगं, भजनाला आलेय! दादा पारावर बसलेत. काही नव्हतं, सहज केला होता."

ते सुटले. मी मात्र आता सात वाजता कुठे जाऊ शकत नाही. कुकर लावते, लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवते आणि बसते. मागची खोली तशीच आहे, संडासातल्या दांड्या तशाच. तासगावला पोचायला एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो, आणि रजेचा अर्ज वेगळा. ज्या घरी मला परत जायचं होतं ते आता पडद्याएवढं आहे, आणि त्याचं बटण त्यांच्याकडे आहे.

कधी वाजतं, कधी नाही. काल वाजलं. दादा बनियनवर होते, काठी मांडीवर आडवी. "काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. बसलेय."

"पोचलीस का तू नीट, तेच विचारायचं राहिलं होतं, तू निघालीस त्या दिवशी."

"पोचले," मी म्हणाले. ते बघत असताना उठायचं नाही, हे मी आता त्यांच्या कागदावरून शिकले आहे.