आडाळ्यावर खवलेला चक्का

मे महिन्यातला रविवार, सकाळचे आठ. जोगेश्वरीच्या पूर्वेला, एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वनमालाबाई तावडे मोरीत पाटावर बसून बांगडे साफ करत होत्या. चारच बांगडे, पण टपोरे, डोळे अजून चकाकणारे. तावड्यांनी उजाडताच बाजारात जाऊन, कोळणीशी रीतसर भांडून आणलेले. दोन दुपारी तिखल्याच्या कालवणाला आणि दोन रात्री तळायला, असा बेत होता. रात्रीच्या दोघांना दिवसभर ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न होता.

हा प्रश्न खरं तर पडायला नको होता. मोरीपासून चार पावलांवर त्यांचा स्वतःचा फ्रीज घुर्र घुर्र करत उभा होता. गिरणी संपात गेली, तावडे अंधेरीच्या एका औषध कंपनीत गोदामावर लागले, आणि तिथल्या साहेबांनी नवा फ्रीज घेतला तेव्हा जुना तावड्यांकडे आला. त्या वेळी इमारतीतला तो पहिलाच. चार माणसांनी दोरखंड लावून तो तिसऱ्या मजल्यावर चढवला, तेव्हा प्रत्येक मजल्यावरचे लोक दारात उभे राहून बघत होते. तेव्हाच वनमालाबाईंनी ओळखायला हवं होतं.

आठवड्याभरात एकेक वाटी यायला लागली. "जरा एवढी साय राहू दे हां." वनमालाबाईंच्या तोंडून नाही हा शब्द निघायला फार वेळ लागतो, तोवर माणूस वाटी ठेवून गेलेलं असतं. बघता बघता बर्फाच्या कप्प्यात पाच घरांची साय, दोन घरांचं लोणी, एकाचा खवा, आणि तळमजल्यावरच्या श्यामकांतच्या कॅमेऱ्याचे दोन रोल अशी वस्ती झाली. रोल कशाला, तर उन्हाने फोटो काळे येतात म्हणून. वनमालाबाई अकरावी मॅट्रिक. त्यांनी प्रत्येक वाटीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची पद्धत घातली. कुणाची वाटी कुणाला गेली असं पाच वर्षांत झालं नाही.

एकदाच गडबड झाली. वरच्या मजल्यावरची शाळामास्तरीण उत्तरा जोगळेकर, तिच्या सायीचं तूप कढवलं तेव्हा सासूबाईंना त्यात बोंबलाचा वास आला. सासूबाईंनी जेवण सोडलं. उत्तरा खाली येऊन नुसती दारात उभी राहिली. त्या दिवसापासून वनमालाबाईंनी आपणहून मासळी फ्रीजबाहेर काढली. तावडे आजही दर रविवारी म्हणत, "फ्रीज आमचो, नि बांगडो भायर."

तर चौथा बांगडा हातात होता, आणि दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी तळहाताने बडवलं.

समोरच्या जया गायकवाड होत्या. केस अर्धे विंचरलेले, फणी केसातच अडकलेली.

"वनमालाताई, वाट लागली. पाहुणे दुपारीच येतायत."

"संध्याकाळी यायचे होते ना गं?"

"मुलाचे मामा एस्टीत ड्रायव्हर आहेत. त्यांना रात्रीची ड्यूटी लागली. आत्ता कोपऱ्यावरच्या वाण्याकडे फोन आला, साडेबाराला पोचतो म्हणून. आमचे हे गेले त्यांना आणायला. चक्का द्या लवकर."

चक्का वनमालाबाईंच्या बर्फाच्या कप्प्यात होता.

जयाबाईंची लेक मीरा टेलिफोन खात्यात होती. मुलगा तिला मनापासून आवडलेला, मुलाला ती. फक्त तारीख ठरायची राहिली होती, आणि ती ठरवायला मुलाची आई जेवायला येणार होती. बाई मागच्या खेपेला कांदेपोहे खाताना म्हणाल्या होत्या, "आम्ही विकतचं श्रीखंड खात नाही. त्यात पीठ असतं." जयाबाई ताडकन म्हणाल्या, "आमच्यातसुद्धा घरीच करतात." आयुष्यात त्यांनी श्रीखंड दोनदा केलं होतं. लग्नसराईत आयत्या वेळी चक्का मिळायचा नाही म्हणून तीन किलो चक्का गुरुवारीच आणला, आणि उन्हाने आंबू नये म्हणून वनमालाबाईंकडे दिला. "बिनघोर जा," वनमालाबाई म्हणाल्या होत्या. "माझ्या फ्रीजमध्ये ठेवलेलं काही बिघडलेलं नाही." लोणी गोठतं आणि बाहेर काढलं की मऊ होतं. चक्का म्हणजे लोण्याचा भाऊच, अशी त्यांची समजूत.

त्यांनी हात धुतले, बांगड्यांच्या पातेल्यावर ताटली ठेवली आणि कप्प्याचं झाकण उघडलं. चक्क्याच्या पिशव्या चारही बाजूंनी बर्फात चिणलेल्या. ओढून पाहिलं. हलेनात.

तावडे स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले.

"त्याका हात लावू नकात," वनमालाबाई म्हणाल्या. "गेल्या साली सुरी मारलात, मेकॅनिक चार दिवस फिरकलो नाय."

सगळा कप्पा रिकामा करावा लागला. वाट्या, डबे, रोल असं सगळं जमिनीवर ओळीने मांडलं. बातमी जिन्याने वर गेली आणि उत्तरा आपली साय बघायला खाली आली. कढत पाण्याचं पातेलं कप्प्यात सरकवून झाकण लावलं, दहा मिनिटांनी पिशव्या सुटल्या. तीन पांढरे धोंडे. जयाबाईंनी एक ओट्यावर ठेवला तर ओटा वाजला.

"याचं श्रीखंड होणार?" जयाबाईंनी विचारलं.

"होईल गं. थोडा धीर धर."

"साडेबाराला धीर संपतो, ताई."

आता प्रत्येकाला काहीतरी सुचायला लागलं. तावडे म्हणाले गच्चीत उन्हात ठेवू. जयाबाई म्हणाल्या इस्त्री फिरवली तर. उत्तरा शाळेत विज्ञान शिकवते, ती म्हणाली, "गरम पाण्यात भांडं ठेवायचं, त्यात चक्का ठेवायचा. उष्णतेचं वहन होतं." शास्त्रापुढे कुणी बोललं नाही. पहिला धोंडा भांड्यात घालून गरम पाण्यात ठेवला. वहन झालं. बाहेरचा भाग फुटून त्याचं पनीरासारखं चरबरीत काहीतरी झालं, हिरवट पाणी वेगळं सुटलं, आणि मधोमध धोंडा होता तसाच, फक्त जरा लहान.

"हे पुस्तकात वेगळं असतं," उत्तरा म्हणाली.

जयाबाई खालीच बसल्या. "सांगते त्यांना. फ्रीझरमध्ये ठेवला, बिघडला. विकतचं आणते. काय म्हणायचं ते म्हणू देत." मग समोरच्या आपल्या दाराकडे बघत, "मीरा आत साडी नेसतेय."

जयाने बिचारीने दोष फ्रीझरला दिला होता, वनमालाबाईंना नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. शब्द फ्रीजने दिलेला नव्हता. त्यांची नजर स्वयंपाकघरभर फिरली, पोळपाट, रोळी, पुरणयंत्र, आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या आडाळ्यावर थांबली. आडाळो म्हणजे आपली विळीच, कोकणातली, पुढच्या टोकाला नारळ खवायचं दातेरी फूल असलेली. लग्नात माहेराहून आली होती. चाळीस वर्षं वनमालाबाई त्यावर रोज नारळ खवत होत्या. जो नारळाला नमवतो तो चक्क्याला का नमवणार नाही?

त्यांनी आडाळो आडवा केला, पाय दुमडून बसल्या, उरलेल्यातला एक धोंडा फडक्यात धरला आणि खवायला लागल्या.

खर्र खर्र. पांढरा भुरभुरीत कीस परातीत पडायला लागला. हुबेहूब खोबरं. आणि मे महिन्याची जोगेश्वरी ती, परातीत पडलेला कीस बघता बघता ओला व्हायचा.

"ताई," जयाबाई उठून उभ्या राहिल्या.

"बघत काय बसलीस, फडकी आण. हात बधिर झाले माझे."

मग पाळ्या लागल्या. वनमालाबाई, जयाबाई, परत वनमालाबाई. उत्तराने आयुष्यात नारळ खवला नव्हता. तिने बोट कापून घेतलं आणि तिला साखर चाळायच्या कामावर बदललं. पहिल्या धोंड्याचा मधला शहाणा गोळासुद्धा खवला. साडेदहाला सगळा चक्का परातीत मोकळा झाला.

मोकळा झाला, पण कसा? वनमालाबाईंनी चमचा घातला आणि उचलला. एका बाजूला रव्यासारखे कण, दुसऱ्या बाजूला पाणी. दह्याला गोठवलं की त्याच्या पोटातलं पाणी रुसून बाहेर येतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. उपाय उघड होता. पुन्हा फडक्यात बांधायचा आणि टांगून ठेवायचा.

"किती वेळ?" जयाबाई.

"चार तास."

कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

तावडे इतका वेळ दाराशी उभे राहून बिडी न पेटवता चघळत होते. ते हात पुढे करत आले. "गाठोडा बांध नि हाड हकडे."

"कित्याक?"

"गोफण फिरवतत तसा फिरवया. पाणी आपसूक भायर पडात."

लहानपणी देवगडच्या बाजूला, भात पिकलं की तावडे माळ्यावर बसून गोफणीने पोपट हाकायचे. गावात त्यांच्याइतकं लांब कुणाची गोफण जात नव्हती, असं त्यांचं म्हणणं; गावातलं दुसरं कुणी इमारतीत नसल्यामुळे ते सगळ्यांनी मान्य केलं होतं. वनमालाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग चक्क्याकडे. त्यांनी आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारीचं अर्धं काढलं, दुहेरी केलं, चक्का चार भागांत बांधला, गाठीवर गाठ मारली.

"फिरवा. पण सोडू नकात."

वरात गच्चीवर गेली. तावड्यांनी लुंगी खोचली, पहिलं गाठोडं पकडलं आणि हात फिरवायला सुरुवात केली. आधी हळू, मग गरगर. गच्चीच्या चारी बाजूंना पाण्याचे शिंतोडे उडायला लागले. उत्तरा लांब टाकीच्या आडून म्हणाली, "हे मात्र पुस्तकात आहे." एका गाठोड्याला दहा मिनिटं. तिसऱ्याला तावड्यांचा खांदा बोलायला लागला, तर जयाबाईंनी पदर खोचून चौथं स्वतः फिरवलं. शेतात खुरपणी केलेला हात होता तो, तावड्यांपेक्षा जोरात फिरला.

तेवढ्यात खालून आवाज आला, "अहो, वर कोण आहे?"

सगळे कठड्यावरून वाकले. खाली जयाबाईंचे यजमान भीमराज गायकवाड, मुलाची आई, आणि एक जाडजूड गृहस्थ, पांढऱ्या सफारीत, तोंड वर केलेले. मुलाचे मामा, कुंडलिकराव. ते गालावरून बोट फिरवून बोटाचा वास घेत होते.

"ताक आहे," ते म्हणाले.

पाऊण तास लवकर आले होते.

पुढचं सगळं धावपळीत झालं. भीमराजांनी पाहुण्यांना दोनदा सरबत दिलं, मीराने टेलिफोन खात्याबद्दल जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. समोरच्या घरात वनमालाबाईंनी पिळून निघालेला चक्का साखर घालून पुरणयंत्रातून एकदा काढला, परत एकदा काढला. कण गेले. वेलची, जायफळ, चमचाभर साय. साय कुणाची होती ते त्यांनी चिठ्ठी वाचून बघितलं, उत्तराची होती. उत्तराने मान डोलावली.

पानं वाढली, वाढायला वनमालाबाई आणि उत्तराही होत्या. मुलाच्या आईने श्रीखंडाचं बोट जिभेला लावलं. मग पुरीच्या तुकड्यावर घेतलं.

"घट्ट आहे चांगलं," बाई म्हणाल्या. "रात्रभर टांगला असणार."

जयाबाईंनी वनमालाबाईंकडे बघितलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण वनमालाबाईंना खोटं बोलायलासुद्धा फार वेळ लागतो.

"टांगला नाही हो," त्या म्हणाल्या. "फिरवला."

कुंडलिकरावांचा घास तोंडाशी थांबला. त्यांनी आपल्या सफारीच्या खांद्याकडे बघितलं. वाटीकडे बघितलं. "म्हणजे वरून आलं ते हे?"

मग वनमालाबाईंनी सगळं सांगितलं. गुरुवार, बर्फ, आडाळो, गोफण, काही वगळलं नाही. फक्त उष्णतेचं वहन उत्तराच्या तोंडाकडे बघून गाळलं. मुलाची आई ऐकता ऐकता हसायला लागली, ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. "माझ्या सासूने एकदा," ती पाणी पिऊन म्हणाली, "पाहुण्यांसाठी खवा विहिरीत सोडला होता, गार राहावा म्हणून. अजून तिथेच आहे." आणि वाटी पुढे केली. तारीख श्रीखंडाच्या दुसऱ्या वाढीला ठरली, मार्गशीर्षातली.

साडेतीनला पाहुणे गेले. वनमालाबाई आपल्या घरी आल्या. बर्फाच्या कप्प्यातल्या वाट्या आठ वाजल्यापासून जमिनीवरच होत्या. उत्तरा चिठ्ठ्या बघून एकेक परत आत लावत होती. मोरीतून वास आला. वनमालाबाईंनी पातेल्यावरची ताटली उचलली आणि लगेच परत ठेवली. तावडे दाराशी उभे होते. त्यांना बोलायची गरजच नव्हती, इतकी वर्षं तेच बोलत होते.

मागून जयाबाई आल्या, हातात श्रीखंडाचा गच्च भरलेला डबा. डबा ओट्यावर ठेवून त्यांनी वनमालाबाईंचे दोन्ही हात धरले. खवून खवून लाल झालेले. "ताई, आज तुम्ही काय मागाल ते. साडी म्हणा, काही म्हणा. संकोच करायचा नाही."

उत्तरासुद्धा वाटी हातात धरून थांबली.

वनमालाबाईंनी बर्फाच्या कप्प्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "दर रविवारी ती उजवी बाजू मोकळी ठेवा गं. मला चार बांगडे ठेवायचेत."