डबीवर नाव माझं

त्या सकाळी मी बायकोला भाताच्या गंजाने, म्हणजे पातेल्याने, मारलं. गंज रिकामा नव्हता. राईस मिलमध्ये जायची वेळ होऊन गेली होती, भात अजून चुलीवरच होता, आणि माझं डोकं सटकलं. गरम भात आणि पेज तिच्या डाव्या हातावर सांडली, उरलेली सारवलेल्या जमिनीवर. ती ओरडली नाही. उजव्या हाताने जमिनीवरचा भात गोळा करायला लागली. त्या गप्प बसण्याचाच मला जास्त राग आला आणि मी तिच्या बरगडीत लाथ घातली.

हे पहिल्यांदा झालं नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एकदा उलथणं, एकदा चप्पल, एकदा दाराची आगळ. गावात मला लोक तापट म्हणत आणि मला त्या शब्दाचा अभिमान होता. आज लिहिताना हात जड होतो, पण तेव्हा होत नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ सालेकशाहून आला. आरोग्य उपकेंद्रात नोकरीला असलेला, शांत बोलणारा माणूस. त्याने बहिणीच्या हातावरची पट्टी सोडली, फोड पाहिले, पट्टी पुन्हा बांधली. मग माझी कॉलर धरून मला भिंतीला टेकवलं.

"भाऊजी, आतापर्यंत मी आयकून घेतलो. आता नाई. डॉक्टरले दाखवा सोताले. धान कापनी झाली का समाजमंदिरात बसू. तवा ठरवू, माही बहीन इथं राहीन का माह्या घरी येईन."

तिला तो लगेच नेणार होता. तीच म्हणाली, कापणी होऊ दे. घरात सासू म्हातारी, शेतात माणूस नाही. मला वाटलं, बघा, हिला जायचंच नाही. मी किती मूर्ख होतो ते सांगायला ही एक गोष्ट पुरे.

डोक्याच्या डॉक्टरकडे जाणं मला अपमानाचं वाटलं. म्हणून मी पोटाच्या डॉक्टरकडे गेलो. पोट माझं नेहमीचंच खराब, गॅस, जळजळ, दोन-दोन दिवस साफ न होणं. गोंदियातल्या त्या डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. आतड्यात चांगले-वाईट असे असंख्य जिवाणू राहतात, त्यांचा तोल गेला की पोट बिघडतं, झोप आणि मनसुद्धा बिघडू शकतं, असं त्याने समजावलं. मी खुर्चीत पुढे सरकलो.

"मतलब गुस्सा भी?" मी विचारलं.

"पेट का दिमाग से रिश्ता है, ये सही बात है," तो म्हणाला. "लेकिन आप किसी को मारते हो, उसका कारण इस जाँच में निकलेगा, ऐसा मत समझना."

पहिलं वाक्य मी घरी घेऊन आलो, दुसरं तिथेच टाकलं.

तपासणीची पेटी मिळाली. आत झाकणाची एक डबी, तिच्यात औषधाचं पाणी, एक छोटा चमचा आणि चिकटवायची चिठ्ठी. शौचाचा नमुना डबीत घ्यायचा, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि पेटी नागपूरला पाठवायची. एवढंच काम. आणि तेच माझ्याने होईना. आमच्या घरी संडास आहे, पण मी सकाळी शेताकडच्या बोडीवरच जातो. त्या तळ्याच्या पारीवर बसून, धुवून मोकळं व्हायचं. मागे वळून बघायचंसुद्धा नाही, ही आमची रीत. कागद अंथरून बसायचं आणि स्वतःचं ते चमच्याने उचलायचं? दोन सकाळी मी डबी खिशात घालून गेलो आणि तशीच परत आणली. बायकोच्या हातावर उकळता भात ओतणाऱ्या मला त्या चमच्याची किळस आली.

तिसऱ्या सकाळी मी डबी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "तूच भर."

"माह्यं?" ती म्हणाली. "माह्यं कायले? तपासनी तुमची व्हय ना."

आई चुलीपुढून बोलली, "एकाच गंजातलं जेवता दोघं. पानी एकाच विहिरीचं. पोट का वेगळं राहीन?"

मला ते पटलं. खरंच पटलं, नुसता बहाणा नव्हता. तरी ती हलेना, तेव्हा मी हात उगारला. तिने डबी घेतली आणि आत गेली. चिठ्ठीवर मी ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं.

तिचं पोट कसं होतं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा ती लगबगीने उठायची. मी म्हणायचो, संडासातच चूल मांड तुझी. गावातल्या दवाखान्यातला माणूस दर वेळी तिला जंतू मारायच्या कॅप्सूल द्यायचा, ती चार दिवस बरी व्हायची आणि पुन्हा तेच. ती वाळत चालली होती. मी तिला आळशी म्हणायचो, आणि दोनदा तर ताटावरून उठली म्हणून मारलं.

अहवाल आला तेव्हा धान कापून झालं होतं. डॉक्टर म्हणाला, तोल बराच गेलाय, चांगले जिवाणू फार कमी उरलेत. मला आनंद झाला. हो, आनंद. निर्दोष सुटल्याचा कागद हातात आल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी तिला म्हणालो, बघ, मी मारत नव्हतो, हे पोट मारत होतं.

शनिवारी समाजमंदिरात पंधरा-वीस माणसं जमली होती. ती माझ्या आईजवळ भिंतीला टेकून बसली होती. मी उभा राहून अहवाल फडकावला. आजार आहे, म्हणालो, औषध घेईन, राग जाईल, बायको माझ्याच घरी राहील. दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आजारी माणसाला कोण काय बोलणार?

तिच्या भावाने कागद मागून घेतला. बराच वेळ वाचला. मग मला विचारलं, "भाऊजी, तुमाले पातळ होते दिवसातून चार-पाच खेपा?"

"होते," मी म्हणालो.

माझ्या मिलमधला सोबती मागून हसला. "याले? हा तं दोन-दोन दिवस कुथत रायते गा!"

सगळे हसले. भाऊ हसला नाही. "इथं लिवलं आहे, जंतू मारायच्या गोळ्या लय खेपा खाल्ल्यानं असं होऊ शकते. तुमी तं गोळीले हात नाई लावत. अन् हे पाहा. थकवा. झोप न लागनं. जीव घाबरनं. रागाचं तं इथं नावच नाई."

मग ती उठली. नऊ वर्षांत चार माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"ते माह्यं व्हय. यायनं मलेच भराले लावलं."

मी चार पावलांत तिथे पोचलो आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. औषध, आजार, पोट, सगळं त्या एका आवाजात संपलं. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. तिच्या भावाची मूठ, तोंडात रक्ताची चव, ओठात घुसलेला माझाच दात. मी खाली पडलो, तरी तो मारत होता. मघाशी मान डोलावणारे म्हातारे तसेच बसून होते, एकानेही त्याला धरलं नाही. त्याला थांबवलं माझ्या बायकोने. "पुरे कर दादा," ती म्हणाली. "याच्यावानी नोको होऊ." ती त्याच दुपारी त्याच्याबरोबर गेली.

सोमवारी तो मोटरसायकल घेऊन दारात उभा राहिला. "चला गोंदियाले. डॉक्टरले तुमच्या तोंडानं सांगा का हे नाव खोटं आहे. तिचा इलाज अडून आहे."

मी गेलो. ती दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. सुजलेल्या तोंडाने, अडखळत, तिच्यासमोर आणि तिच्या भावासमोर डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदावरचं माझं नाव खोडून वर तिचं लिहिलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. आता मी त्या खोलीत नव्हतोच.

त्याने पोटाचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं, खाण्याचं विचारलं. शेवटी म्हणाला, "नींद नहीं आती, घबराहट होती है. घर में किसी बात का डर है?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"शनवारपासून नाई," ती म्हणाली.