नूरच्या आईला मी काय सांगितलं

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला ठाऊक आहे. बिचारा! ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाही, मुलींनाही नाही. तुम्हाला सांगतेय – आणि सांगतानाही बघा, आधी दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटतंय.

तर आधी त्या गावाचंच सांगते. सुमात्रा बेटावर जांबी नावाचा प्रांत आहे. आखाती युद्ध संपल्यावरच्या सुट्टीत मी रत्नागिरीला जायच्या आधी तिथे गेले. मोठी नदी, पलीकडे नजर पोचेल तिथवर दलदल, आणि तिच्या कडेला झाडीत बुडालेली लाल विटांची पुराणी मंदिरं. वस्ती मुसलमानांची, आम्हा कोकण्यांसारखीच भातखाऊ. घरं खांबांवर, खाली काळं पाणी. खाडीकाठी वाढलेली मी – पाण्याला कधी भ्यायले नव्हते. त्या पाण्याला मात्र भ्यायले. ते हलतच नव्हतं.

गेले होते नूरची बॅग पोचवायला. सौदीत धाहरानजवळच्या एका इस्पितळात मी नर्स होते आणि नूर तिथे झाडलोट करायची. मोडकंतोडकं हिंदी माझ्याकडूनच शिकली. मला आपा म्हणायची. युद्धात ती गेली, तिथल्याच मातीत तिला दफन केलं, आणि तिची जवळची म्हणून बॅग माझ्या हातात आली. जवळची!

तिसऱ्या दिवशी तिची आई मला मंदिरं दाखवायला घेऊन निघाली. दलदलीवर फळ्या टाकलेल्या, पाय ठेवला की त्या पाण्यात दबायच्या. म्हातारीने माझा हात घट्ट धरला होता. पुढे नूरचा भाऊ. तो जेद्दाला ड्रायव्हर होता, त्यामुळे आमचं बोलणं बाजारी अरबीत चालायचं. आभाळ खाली उतरलं होतं आणि बेडूक एकाएकी गप्प झाले. मला कळलं, आता ही विचारणार. परत फिरायला हवं होतं, पण फळीवरून दोघींना वळता कुठे येतं?

एका मंदिराच्या पायरीवर ती बसली. भावाने खाली बघत विचारलं, "माँ विचारते, नूरच्या कानाशी कलमा कुणी म्हटला?"

आम्हा मुसलमानांत मरणाऱ्याच्या कानाशी कलमा म्हणतात, ओठांवर मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी सोडतात. त्याशिवाय माणूस गेलं, तर मागच्यांचा जीव टांगणीला लागतो.

"मी," मी म्हटलं.

आणि मग थांबवेना. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, म्हटलं. झमझम मी पाजलं, म्हटलं. भाऊ एकेक वाक्य आईला सांगायचा, मग माझ्याकडे बघायचा. दर वेळी मला थांबता आलं असतं – नाही का? म्हातारीने माझे दोन्ही हात उचलून आपल्या डोळ्यांवर ठेवले. दोन दिवस गावातल्या बायका येऊन ते हात धरत होत्या. मी धरू दिले.

आता खरं काय ते.

क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येणार, असं तेव्हा जो तो म्हणायचा. म्हणून एक खोली बंद करायची पद्धत होती. खिडकीला प्लास्टिक, सायरन झाला की दाराच्या फटींना चिकटपट्टी, खाली ओला टॉवेल, आणि बाहेरून 'खलास', धोका टळला, असं म्हणेपर्यंत कुणालाही दार उघडायचं नाही. सफाईवाल्या बायकांच्या खोल्या पत्र्याच्या, त्या काय बंद करणार? मीच नूरला म्हटलं होतं, "सायरन हुआ तो सीधा मेरे रूम में आ." किती मोठं मन माझं! स्वतःवरच खूश झाले होते.

एका संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर सायरन झाला. मी मास्क चढवला, पट्ट्या लावल्या. ती आलीच. "आपा, खोलो. मैं नूर."

मी उघडलं नाही.

खोलीत मी एकटीच होते, मला अडवणारं कुणी नव्हतं. पट्टी काढायला किती वेळ लागतो? ती तळहाताने दारावर मारत होती आणि मास्कमधला माझा श्वास तिला ऐकू जाईल म्हणून मी तो रोखून धरत होते. भ्यायले, दुसरं काय? मग तिच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या. आसरा शोधत ती फाटकाबाहेर रस्त्यावर धावली, आणि घाबरून पळणाऱ्या एका गाडीने तिला उडवलं. वायू आलाच नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आपल्या केबिनमधून बघितलं – बराच वेळ ती हात हलवत होती, म्हणाला. इस्पितळ वीस पावलांवर आणि जवळ एक माणूस नाही. सायरन संपल्यावर खाली जाऊन मी सगळ्यांसारखंच विचारलं, "काय झालं?"

आठ वर्षांनी भावाचं पत्र आलं. मी अजून तिथेच नोकरीला होते. म्हातारीने अंथरूण धरलं होतं. नूरच्या कानाशी जिने कलमा म्हटला, तिनेच माझ्याही कानाशी म्हणावा, एवढी एकच गोष्ट ती मागत होती.

मी कळवलं – रजा मंजूर होत नाही.

ती अकरा दिवस वाट बघत होती, असं नंतर भावाने लिहिलं. रोज सकाळी विचारायची, नूरची आपा निघाली का?

रजेचा अर्ज मी केलाच नव्हता.