पिवळे हात, पांढरे डोळे

यंदाच्या पावसाळ्यात पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी पोरांना कावीळ झाली. समोरच्या नळावर येणारी एक बाई रोज आपल्या दहावीतल्या मुलीची पापणी ओढून डोळे बघायची. डाईंग मिलच्या कामाने तिचे स्वतःचे हात पिवळे असायचे. शेजारीण चिडवायची, "तुझेच हात पिवळे, पोरीचे कधी करणार?"

"हात राहू दे गं! आधी डोळे पांढरे होऊ दे."

बायको गेल्यापासून मी खिडकीतूनच सगळं बघतो. काल त्या बाईने पोरीचा चेहरा उन्हात धरला आणि ती ओरडली, "पांढरे! दुधासारखे पांढरे झाले!" हंडे टाकून बायका धावल्या. तिने वर पाहिलं.

"भाऊ, रोज बघता ना? मग या की खाली!"

मला वाटायचं, मी कुणाला दिसत नाही. अनवाणीच जिना उतरलो.