मेक्सिकोचा अंक आणि सिलिंडरची तारीख

माझ्याकडे अमेरिकन सुपरहिरोंचे जुने कॉमिक्स आहेत, पण अमेरिकेत छापलेले नाहीत. ते काय, कोणीही जमवतं. माझे मेक्सिकोत, स्पॅनिशमध्ये पुन्हा छापलेले. मला स्पॅनिश येत नाही. पण जमवणाऱ्याने वाचायचंही असतं, असं कुठे लिहिलंय? घणसोलीच्या दमट हवेत घरची माणसं घामाने भिजली तरी चालतील, अंक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटातल्या कोरड्या खणात हवेत.

त्यातल्या एका मुखपृष्ठावर कुणा मेक्सिकन पोराने पेनने आपलं नाव गिरगटलंय. पाहुणे आले की मी ते कौतुकाने दाखवतो, "बघा, याला म्हणतात इतिहास!" पाहुणे बिचारे चहा येईपर्यंत माना डोलावतात.

एकदा पाहुणे गेल्यावर तो अंक टेबलावरच राहिला. संध्याकाळी बघतो तर त्या नावाखाली आईने बॉलपेनने लिहिलेलं: 'सिलिंडर लावला, मंगळवार, सहा तारीख.'

मी घर डोक्यावर घेतलं. नासधूस, अडाणीपणा, तोंडाला येईल ते बोललो. आईने चष्मा लावून अंक नीट न्याहाळला आणि म्हणाली, "त्या पोरानं नुसतं नाव लिहिलंय. माझं निदान कामाचं हाय."

पुढच्या महिन्यात सिलिंडर संपला. किती दिवस पुरला ते बघायला मीच निमूटपणे तो अंक पिशवीतून काढला. इतक्या वर्षांत त्या अंकात मला वाचता आलेली ती पहिलीच ओळ.