तीस मार्कांची गिटार

मी आयुष्यात एकच गिटार निवडायला गेले, आणि जी घरी आली ती मी निवडलेली नव्हती.

बाळांनो, ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सिंदी रेल्वेला राहायचो आणि तुमची आई, म्हणजे आमची वर्षा, वर्ध्याला कॉलेजात जायची. गॅदरिंगमध्ये गिटार वाजवते म्हणून तिने नाव देऊन टाकलं होतं. शिकली मैत्रिणीच्या गिटारीवर, आणि ती मैत्रीणही आता त्याच दिवशी वाजवणार होती, म्हणजे वर्षाला स्वतःची हवी! तुमच्या आजोबांचा कापसाचा व्यापार. हंगामाची खरेदी उद्यावर आलेली, म्हणजे संक्रांतीपर्यंत त्यांना धड जेवायलाही सवड नाही.

"घ्याची तं आजच," ते म्हणाले. "नाई तं पुढच्या साली."

मी इंग्रजीची शिक्षिका. वहीत तक्ता आखून नेला: रूप दहा, आवाज दहा, किंमत दहा. (पट्टीने. समास सोडून.)

वर्ध्याच्या त्या दुकानात पेटी-तबल्यांच्या वर तीन गिटारी टांगलेल्या होत्या. एक लालभडक चकचकीत, एक निळी आणि एक साधी, चहाच्या रंगाची. आजोबांनी तिन्हींच्या पोटावर बोटाने टकटक केलं, माठ घेताना करतात तसं.

"फुटकी एकबी नाई," त्यांनी जाहीर केलं. त्यांची परीक्षा संपली!

माझी सुरू झाली. मध्ये भोक कशाला? ते मोठं असलं तर आवाज मोठा येतो का? तारा सहाच का? मी चष्मा काढून आत डोकावलेही. आत अंधार होता.

"मॅडम," दुकानदार म्हणाला, "गिटार घ्यायची आहे की पोस्टमॉर्टम करायचं आहे?"

"आई, ती चहाच्या रंगाची घेऊ ना," वर्षा हळूच म्हणाली. "हातात छान बसते."

"हातात बसण्याचा रकाना नाही," मी म्हणाले, आणि रूपाचे मार्क मांडले. लाल नऊ, निळी सात, चहावाली तीन! वर्षाचा चेहरा उतरला.

आता आवाज. रूपाला भुलून कानांनी पक्षपात करू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. (दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक मला पाहून परत गेलं.)

"एकेक वाजवा. कुठली ते सांगू नका!"

पहिली वाजली. कोरडी. चार. दुसरी जरा बरी. सहा. तिसरी... अहाहा! नऊ!

"तिसरी!" मी ओरडले. "हिचं लाकूडच वेगळं आहे!"

मागे कोणीतरी खोकलं. वळून पाहते तो चहावाली दुकानदाराच्या मांडीवर, आणि लाल-निळी आपापल्या खुंटीवर जशाच्या तशा!

"मग पहिली आणि दुसरी कुठली?"

"हीच मॅडम. तिन्ही वेळा हीच. ताईंनी खूण केली."

"वर्षा!"

"तू लालला पास करणार होतीस, आई! चारवरच अडली असतीस तर अजून तीनदा वाजवायला लावली असती."

मला रागापेक्षा कुतूहलच जास्त. "मध्ये तारा पिळल्या का? जोरात वाजवली?"

"नाही मॅडम. तीच, तशीच."

(मग आवाज बदलला कसा? मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.)

मी तक्त्याचं पान फाडायला घेतलं, तर आजोबांनी हात धरला. "अवं, फाडून काऊन राह्यली? दे इकडे." वही त्यांनी दुकानदारापुढे धरली. "हे पाहा भाऊ. वीस वर्षं पेपर तपासले हिनं. तुमच्या गिटारीले रूपाले तीन, आवाजाले चार. नापास मालाचा भाव लावा."

"पण काकाजी, पुढे नऊ पण आहेत ना!"

आजोबांनी नऊवर अंगठा ठेवला. "कुठी?"

दुकानदार हसला आणि त्याने दीडशे रुपये कमी केले. गॅदरिंगमध्ये त्या गिटारीला वन्स मोअर मिळाला. आणि संगीतातल्या माझ्या जाणकारीची आजवरची एकूण कमाई म्हणाल तर ते दीडशे रुपये. तेही मी चुकले म्हणून!