सायकल स्टँडसमोरचा फलक

आज सकाळी दहा वाजता सायकलनं लक्ष्मीपुरीत गेले. ज्या सायकल स्टँडसाठी मी वर्षभर महापालिकेत भांडले, तेच कुणीतरी भलामोठा डिजिटल फलक बांधून बंद केलं होतं. सायकली सगळ्या रस्त्यावर. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या एका बाईच्या सायकलला रिक्षा धडकून चाक वाकलेलं.

मी मागच्या गल्लीतून आले होते, त्यामुळे मला फलकाची पाठच दिसत होती. तिथूनच ओरडले, "कुठल्या पुढाऱ्याचं थोबाड आहे हे? लाज नाही वाटत?"

शेजारचा लिंबूवाला म्हणाला, "काकू, जरा फुडनं बघा की."

पुढून बघितलं. थोबाड माझंच होतं. 'सायकल स्टँड मिळवून दिल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं हात जोडून उभी.

पोरांना काय बोलू? त्यांनी फोटो मागितला तेव्हा मोत्यांची माळ घालून मीच काढून पाठवला. फलक कुठे लावणार, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

ती बाई म्हणाली, "फोटू झ्याक आलाय. पण मी आता कामावर कशी जाऊ?"

तिला माझी सायकल दिली. तिची ढकलत दुरुस्तीला नेली. वाटेत मान वर करवली नाही.

पोरांनो, फलक तारेनं बांधलाय, माझा हात पोचत नाही. आज संध्याकाळी सहाच्या आत उतरवा आणि तसं इथे ग्रुपवर लिहून कळवा. बाकीच्यांनीही लिहा: सकाळपासून तिथून जाताना एकालाही मला फोन करावासा का वाटला नाही?